खोकल्याची बाटली आणि अडीचशे वर्षांचा ताप

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

"पंधरा-वीस दिवस झाले, खोकला काही जात नाही. संध्याकाळ झाली की अंगात कसर असते." हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही घरात ऐकायला मिळतं. त्यावर उत्तरंही ठरलेली आहेत. हवा बदलतेय, धूळ फार आहे, थंड पाणी प्यायलास, आडुळसा घे, नाहीतर मेडिकलमधून एक बाटली आण. आठवडाभर ती बाटली चालते. मग दुसरी येते. दोन महिन्यांनी पँट कमरेला सैल व्हायला लागते, तेव्हा कुठे कुणाच्या तरी मनात शंका येते.

हा जो "अंदाजाने काढलेला काळ" आहे ना, त्याचा इतिहास आज सांगायचाय. रेंगाळलेला ताप आणि खोकला यांचं कारण नेमकं काय, या एका प्रश्नाने आपल्या इतिहासाला किती वेळा वळण दिलंय ते बघा. आणि शेवटी जो मुद्दा येईल, तो आपल्या तालुक्याचा आहे.

सुरुवात थेऊरपासून करू. पुण्याहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. अष्टविनायकातला चिंतामणी म्हणून आपण सगळे तिथे जाऊन आलोय. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी याच देवळाच्या आवारात थोरले माधवराव पेशवे गेले. वय सत्तावीस. पानिपतानंतर मोडलेलं राज्य या पोराने दहा-अकरा वर्षांत उभं केलं होतं. निजाम, हैदर, घरातले काका, सगळ्या आघाड्या सांभाळल्या. १७७० मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर असताना प्रकृतीने इतकी उचल खाल्ली की मोहीम त्रिंबकराव पेठ्यांच्या हाती देऊन मागे फिरावं लागलं. मराठे परत दिल्लीत पोचले होते, आणि त्यांनी बादशहाला गादीवर बसवलं ते १७७२ सालीच. आणि ज्याच्या कारकिर्दीत हे घडलं, तो माणूस त्याच वर्षी थेऊरला झिजत होता.

त्यांच्या दुखण्याचं नाव इतिहासात "राजयक्ष्मा" असं येतं. म्हणजे क्षय. आजच्या भाषेत टीबी.

हे नाव फार जुनं. दक्षाने चंद्राला शाप दिला आणि तो कलेकलेने झिजत गेला, त्या कथेशी हा शब्द जोडलेला आहे. चरकसंहितेत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात चार कारणं सांगितली आहेत. ताकदीबाहेरचे श्रम, शरीराचे नैसर्गिक वेग अडवणं, धातूंचा क्षय आणि वेळी-अवेळी, कसंही खाणं. आज ऐकताना आपण हसू. पण थांबा, ही यादी लक्षात ठेवा. पहिलं आणि शेवटचं कारण आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्या काळच्या वैद्यांना लक्षणं चांगली कळत होती. ताप, खोकला, रक्त पडणं, खांदे-बरगड्या दुखणं, अन्नावरची वासना उडणं, सगळं लिहून ठेवलंय. कळत नव्हतं ते एकच. हा रोग आत आला कुठून? आणि हा क्षयच आहे की दुसरं काही, याची खात्री करण्याचा मार्ग पुण्यात नव्हता, लंडनमध्येही नव्हता. अख्ख्या जगातच नव्हता. नाडी, चेहरा, थुंकीचा रंग, एवढ्यावर अंदाज करायचा. म्हणून माधवरावांच्या बाबतीत वैद्य कमी पडले असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता एकशे दहा वर्षं पुढे या. २४ मार्च १८८२, बर्लिन. रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टरने भर सभेत सांगितलं की क्षय आनुवंशिक शाप नाही, एका जंतूमुळे होतो. नुसतं सांगितलं नाही, जंतूला रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. म्हणून आजही २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. माणसाच्या हाती पहिल्यांदाच असं साधन आलं की ज्याने "हा खोकला कसला" याचं उत्तर अंदाजाने न देता बघून देता येईल. बेडका काचेवर घ्या, रंगवा, बघा.

पण रोग ओळखता येणं आणि बरा करता येणं यात केवढं अंतर होतं, ते आपल्याच घरातल्या एका मुलीच्या गोष्टीत दिसतं.

कॉखने हे जाहीर केलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. पेनसिल्व्हानियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथली थंडी, न मानवणारं खाणं, अभ्यासाचा ताण, यात तब्येत तिकडेच ढासळत गेली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट बघत होती. ती त्यांना घेताच आली नाही. परत आल्यावर काही महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कारण तेच, क्षय.

जरा विचार करा. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती. आणि रोगी कोण, तर स्वतः डॉक्टर. आपल्याला काय झालंय हे त्यांना कळत नसेल असं कसं म्हणायचं? पण औषध नव्हतं. औषध यायला अजून साठेक वर्षं लागणार होती.

मधल्या या साठ वर्षांत जगाने शोधलेला उपाय म्हणजे सॅनेटोरियम. चांगली हवा, अंथरुणावर विश्रांती, दूध-अंडी. हिंदुस्थानातलं पहिलं सॅनेटोरियम १९०६ मध्ये अजमेरजवळच्या तिलोनियाला निघालं. आपल्याकडे १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी पाचगणीला बेल-एअर काढलं. मिरजेजवळ डॉ. वॉन्लेस यांच्या मिशनचं सॅनेटोरियम झालं आणि त्या भागाला वॉन्लेसवाडी हे नावच पडलं. आज सांगली-मिरज रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की या वाडीच्या नावामागे हजारो रोग्यांचा खोकला आहे?

पण पाचगणीची हवा कुणाला परवडायची? मुंबईत १८५० नंतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं भरून यायला लागली. एका खोलीत आठ-दहा जण, खानावळीचं जेवण, खिडकी असली तर तीही समोरच्या चाळीच्या भिंतीकडे. रात्रपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीवाला पडायचा. क्षयाच्या जंतूला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. तो हवेतून पसरतो. बंद, अंधाऱ्या खोलीत एक जण खोकला की बाकीच्यांनी ती हवा आत घ्यायची, बस.

आणि गिरणी कामगार आजारी पडला की काय करायचा? गावी जायचा. "हवापालटाला गेलाय" म्हणायचे. तिकडे आईच्या, बायकोच्या, पोरांच्या शेजारी झोपायचा. मुंबईच्या मृत्यूच्या नोंदीतून एक आकडा कमी व्हायचा आणि रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या एखाद्या वाडीत रोग जाऊन बसायचा. १९२० मध्ये आर्थर लँकेस्टर या डॉक्टरचं हिंदुस्थानातल्या क्षयावरचं पुस्तक आलं. शहरात कामाला आलेली माणसं रोग घेऊन गावी परततात हे त्याने लिहिलंय, आणि पडद्यात, अंधाऱ्या माजघरात कोंडलेल्या तरुण बायकांना हा रोग किती खातो हेही.

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. कारण गिरणगावातला प्रत्येक खोकला क्षयाचा नव्हता.

कार्डिंग खात्यात कापसाची धूळ उडायची. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की वेगळाच रोग जडतो. त्याची खूण मजेशीर आहे. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, धाप लागते, खोकला येतो, आणि आठवड्याच्या पुढच्या दिवसांत जरा हलकं वाटतं. जगभरच्या गिरण्यांमध्ये हे दिसलंय. असा माणूस दवाखान्यात गेला तर त्याला क्षय म्हणायचं की दमा की नुसता खोकला, हे त्याच्या कामाबद्दल न विचारता कसं कळणार? दगड फोडणारे, खाणीत काम करणारे यांच्या छातीत दगडाची भुकटी बसते, तोही निराळा रोग. वर त्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो. म्हणजे दोन्ही एकदम.

आणखी एक नमुना सांगतो, कारण तो फार बोलका आहे. आंध्रातल्या मदनपल्लीला मिशनचं मोठं क्षय सॅनेटोरियम होतं. तिथल्या फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्याकडे काही रोगी असे आहेत की ज्यांना ताप आहे, रात्रीचा खोकला आहे, वजन उतरलंय, छातीच्या फोटोतही डाग दिसतात. सगळं क्षयासारखं. पण बेडक्यात जंतू मात्र सापडत नाही, आणि रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या आहेत. १९४० मध्ये त्यांनी हे छापून आणलं. पुढे कळलं की हा रोग हत्तीपायाच्या जंताशी संबंधित आहे, डासांतून येणाऱ्या. साध्या गोळ्यांनी बरा होतो. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीपाय आजही आहे, त्यामुळे ही काही परक्या मुलखातली गंमत नाही. कल्पना करा, साध्या गोळ्यांनी बरा होणारा माणूस क्षयरोगी म्हणून घरादारापासून तोडला गेला, वेगळ्या कपबशीत चहा प्यायला. का? तर लक्षणं जुळली म्हणून.

चूक दोन्ही बाजूंनी होते, ती अशी. क्षय असताना साधा खोकला समजतात, आणि क्षय नसताना क्षयाचा शिक्का मारतात. दोन्हीचं मूळ एक. तपासायच्या आधी नाव ठेवणं.

आता औषधाकडे येऊ. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ब्रिटनमधल्या चाचण्यांत रोगी भराभर सुधारले आणि काही महिन्यांत त्यातले बरेच पुन्हा खालावले. औषध एकटंच दिलं तर जंतू त्याला सरावतो, हे तेव्हाच, १९४८ पर्यंत, स्पष्ट झालं होतं. म्हणून दोन-तीन औषधं एकदम आणि दीर्घकाळ द्यायची पद्धत आली. १९५२ मध्ये आयसोनायझिड आलं, स्वस्त आणि तोंडाने घ्यायचं. आज डॉक्टर "कोर्स पुरा करा" म्हणून मागे लागतात, त्याच्या मागे हा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा अनुभव आहे.

आणि मग भारतात दोन अभ्यास झाले. त्यांनी सगळ्या जगाची क्षयाबद्दलची समजूत बदलली. शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं होतं असं मला वाटतं.

पहिला मद्रासचा. १९५६ मध्ये तिथे क्षय उपचाराचं संशोधन केंद्र निघालं. प्रश्न साधा होता. देशात लाखो रोगी आणि सॅनेटोरियमच्या खाटा मोजक्या. मग घरी उपचार होतील का? मद्रासच्या गरीब वस्तीतले दोनशेच्या आसपास रोगी घेतले. निम्मे सॅनेटोरियममध्ये ठेवले, चांगलं जेवण, पूर्ण विश्रांती. निम्मे घरीच, त्याच दाटीच्या खोलीत, कमी अन्नावर, कामधंदा करत. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निकाल आला. वर्षअखेर दोन्हीकडचे बहुसंख्य रोगी बरे झाले होते, फरक किरकोळ. आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात रोग काही जास्त पसरला नाही, कारण औषध सुरू झालं की माणसाच्या खोकल्यातले जंतू झपाट्याने कमी होतात. खाट, डोंगर, थंड हवा, या सगळ्यापेक्षा नियमित गोळी महत्त्वाची ठरली. सॅनेटोरियमचा जमाना तिथेच संपायला लागला.

दुसरा अभ्यास बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचा. तिथले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचं म्हणणं १९६३ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा, आणि खरं तर आजही, साहेब लोकांची समजूत अशी की खेड्यातला माणूस अडाणी, त्याला लक्षणं कळत नाहीत, तो अंगावर काढतो, मग रोग पसरतो. या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातल्या गावांत तपासणीत सापडलेल्या क्षयरोग्यांकडे जाऊन विचारलं. तुम्हाला काही होतंय हे कळत होतं का? जवळजवळ सगळे म्हणाले, हो. काळजी वाटत होती का? चारातले तीन म्हणाले, वाटत होती. मग काही केलं का? निम्म्याहून अधिक जण दवाखान्याची पायरी चढून आले होते.

आणि दवाखान्याने त्यांना काय दिलं? खोकल्याची बाटली.

जुन्या माणसांना आठवत असेल. सरकारी दवाखान्यात बाटली घरून न्यायची, कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल औषध ओतून द्यायचा आणि बाटलीला कागदाची खुणेची पट्टी चिकटवायचा. तसंच. माणूस क्षयाचा जंतू छातीत घेऊन सरकारच्या दारात आला, आणि सरकारने त्याला गोड औषध देऊन परत पाठवलं. बेडका कुणी काचेवर घेतला नाही.

हा निष्कर्ष एवढा मोठा होता की १९६२ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पायाच त्या विचारावर घातला गेला. गावोगाव क्ष-किरणांच्या गाड्या फिरवत बसण्यापेक्षा, जो खोकत आपणहून दवाखान्यात येतो त्याचा बेडका तिथल्या तिथे तपासा. एक सूक्ष्मदर्शक, थोडा रंग आणि एक शिकलेला माणूस, इतकंच लागतं. आधी तीन आठवड्यांच्या खोकल्याला तपासणी असा नियम होता, नंतर तो दोन आठवड्यांवर आणला. "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला" ही भिंतीवरची जाहिरात आपण वाचतो ना, तिची मुळं इतकी खोल आहेत.

कागदावर उत्तम. पण पैसा, माणसं, औषधं कायम तुटपुंजी. १९९२ च्या आढाव्यात निघालं की उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्मेसुद्धा ते पुरे करत नाहीत. आणि सरकारी दवाखान्यात बाटली मिळालेला माणूस पैसे काढून खासगीकडे जात होता. तिथे काय चाललं होतं? १९९१ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टी भागातल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना विचारण्यात आलं, क्षयाला काय औषधं लिहिता? ऐंशी वेगवेगळी उत्तरं आली. एकाच रोगाला ऐंशी तऱ्हा! आणि १९४८ मध्ये जे कळलं होतं ते इथे प्रत्यक्षात घडत होतं. अर्धवट, चुकीच्या औषधांनी जंतू पक्का होत होता. २०११ च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी चार रोग्यांची माहिती छापली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. सगळ्या जगात बातमी झाली. मग २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षी रक्तावरून क्षय सांगणाऱ्या, भलतेच निकाल देणाऱ्या चाचण्यांवर बंदी आली. तोवर गल्लोगल्ली पैसे घेऊन त्या चालू होत्या.

कोरोनात पुन्हा तीच चूक, उलट्या बाजूने. २०२० मध्ये खोकला म्हणजे कोरोनाच. स्वॅब निगेटिव्ह आला की "काही नाही, घरी जा". पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाचे चोवीस लाख रोगी नोंदले गेले होते, २०२० मध्ये अठराच लाख. ते सहा लाख बरे झाले नव्हते. ते दिसलेच नव्हते.

आज काय परिस्थिती आहे? साधनं तर माधवरावांच्या वैद्यांनी स्वप्नातही पाहिली नसती अशी आहेत. बेडक्यातला जंतू दोन तासांच्या आत ओळखणारी आणि मुख्य औषध त्याच्यावर चालेल का हेही सांगणारी यंत्रं आहेत. त्यातलं ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होतं. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी ठिकाणी फुकट आहेत. रोग्याला आहारासाठी महिना ५०० रुपये २०१८ पासून मिळत होते, आता १००० झाले. आणि चरकाचं ते शेवटचं कारण आठवतंय ना, खाण्याचं? झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना चांगला शिधा दिला तर काय होतं ते तपासलं, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नवे रोगी जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी निघाले. जंतू खरा, पण तो उपाशी शरीर शोधतो.

तरीही जगातल्या दर चार क्षयरोग्यांतला एक आपल्या देशातला आहे आणि वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं यात जातात. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायचं जाहीर झालं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये औषधांचाच तुटवडा पडला आणि राज्यांना तुमचं तुम्ही खरेदी करा म्हणून कळवावं लागलं. रोज गोळी चुकवू नका असं रोग्याला सांगायचं आणि गोळीच संपवून ठेवायची, याला काय म्हणायचं?

म्हणून आता आपल्या तालुक्याचा मुद्दा. आधी घरातलं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळची कसर, रात्री घाम, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त, यातलं काही असेल तर तिसरी बाटली आणू नका. बेडका तपासून घ्या. नुसती लाळ देऊ नका, सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडका द्या. मधुमेह असेल तर जास्तच जपा, त्यांना क्षय लवकर गाठतो. तपासणीत क्षय नाही निघाला तर आनंदच आहे, पण तिथे थांबू नका. मग हा खोकला कसला, हे विचारा. दमा असेल, बरा होऊन गेलेल्या सर्दी-तापाचा मागे राहिलेला खोकला असेल, न्यूमोनिया असेल. मलेरिया किंवा विषमज्वराचा ताप असेल आणि खोकला त्याच्या जोडीला असेल. कामावरच्या धुळीचा असेल, रक्तातल्या त्या वाढलेल्या पेशींचा असेल, वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यात कॅन्सरही असू शकतो. डॉक्टरला आपलं काम सांगा. खाणीत, क्रशरवर, जिनिंगमध्ये, चुलीपुढे, जिथे असाल ते. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि क्षय निघालाच तर सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. वेगळी कपबशी नको, खिडकी उघडा.

आता बाहेरचं. पुढच्या ग्रामसभेत, नाहीतर नगरपालिकेत, चार प्रश्न विचारू. आपल्या आरोग्य केंद्रात बेडका तपासणारा तंत्रज्ञ आहे का, की जागा रिकामी आहे? गेल्या तीन महिन्यांत किती बेडके तपासले? औषधं किती दिवस नव्हती? आणि रोग्यांचे हजार रुपये खात्यात वेळेवर येतात का? उत्तरं लेखी मागू. आशाताईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्या बिचाऱ्या घरोघरी फिरून माणूस दवाखान्यापर्यंत आणतात. प्रश्न दवाखान्यात पोचल्यावर पुढे काय होतं, हा आहे.

माधवरावांसाठी जगात काहीच नव्हतं. आनंदीबाईंच्या वेळी जंतू सापडला होता, औषध नव्हतं. तुमकूरच्या त्या शेतकऱ्यांसाठी दोन्ही होतं, पण हातात बाटली पडली. आपल्या तालुक्यात आज जो वीस दिवस खोकतोय, त्याच्या हातात काय पडतं ते आपण बघायचंय.

ज्यांच्या घरात असा खोकला चालू आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि ग्रामसभेला या.